पोर्कला हवं आंबट

बेंगळुरूत कुणा कुर्गी मित्राकडे तुम्ही पंडी करी खाल्ली असेल, तर तिचा काळपट रंग आणि आंबटपणा आठवत असेल. ती कमाल कचमपुलीची. आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका फळाचा रस आटवून हे दाट, काळं आंबट करतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागातही पुल्ड पोर्कवरच्या सॉसमध्ये टोमॅटो नसतो. व्हिनेगर, मिरची, मीठ, बस! आंबटामुळे चरबीचा जडपणा जाणवत नाही. गोव्याच्या विंदालूतही व्हिनेगर असतंच. (त्यातलं ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे, पोर्तुगीज नावातली ती लसूण!)

मग हा सॉस घरी का करू नये? स्टीलच्या पातेल्यात (ॲल्युमिनियम नको) एक कप व्हिनेगर, दोन चमचे गूळ, एक चमचा मीठ, एक चमचा जाडसर कुटलेली लाल मिरची आणि अर्धा चमचा मिरपूड घालून गूळ विरघळेपर्यंत कोमट करा. मग अर्धा चमचा कचमपुली. अर्धाच हं! मी पहिल्यांदा दोन चमचे ओतली होती. घरात कुणी दुसरा घास घेतला नाही.

काचेच्या बाटलीत एक रात्र मुरू द्या. खांद्याचं मांस मंद आचेवर इतकं शिजवा, की काट्याने ओढताच धागे सुटतील. ते गरम असतानाच सॉस थोडा थोडा घाला, चाखत चाखत. मुलांचा वाटा मात्र आधी बाजूला काढा.