उधारीवाल्याने मुदत मागितली, आता माल बंद करायचा का?

व्हिडिओत फळ्यावरचे आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश सांगतो.

तुमचं होलसेलचं दुकान आहे. जुन्या गिऱ्हाइकाचा वायदा आजचा, आणि त्याचा फोन येतो, "शेठ, पंधरा दिवस थांबा." पोटात गोळा येतो ना? गेले पैसे, माल बंद! जरा थांबा, आधी वही काढा.

धरून चला, उधारीची १०० खाती आहेत आणि त्यातली १० बुडाली. म्हणजे फोन येण्याआधी धोका १० टक्के. या १० पैकी ८ जणांनी आधी मुदत मागितली होती. (उरलेले दोघे फोनच उचलत नव्हते, ते सोडा.) पण ज्यांनी पैसे चुकते केले त्या ९० पैकीही १८ जणांनी मुदत मागितलेली. पुढून पेमेंट अडकतं, घरात लग्न निघतं, चालायचंच. मुदत मागणारे एकूण २६, त्यात बुडवणारे ८. धोका साधारण ३१ टक्के.

तिपटीने वाढला हे खरं. पण अजूनही दहातले सात जण पैसे देणारेच आहेत! आपण फसतो ते इथेच. "बुडवणाऱ्यांतले ८० टक्के मुदत मागतात" याचा अर्थ आपण "मुदत मागणारे ८० टक्के बुडवतात" असा लावतो, आणि चांगलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात घालवतो. ३१ टक्क्यांवर मी माल बंद करणार नाही. नवा माल रोखीत देईन, बस.

आता पंधरा दिवसांनी चेक परत आला. त्या ८ पैकी ६ जणांचे आले होते, १८ पैकी फक्त २ जणांचे. ८ मध्ये ६, म्हणजे ७५ टक्के. आता मात्र माल बंद, आणि वसुलीला स्वतः जायचं.

ही रीत थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याची. तो १७६१ साली वारला; लेख १७६३ साली त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने पुढे आणला.

एक सांभाळा. "तो बुडाला" हे तीन जणांनी सांगितलं, पण तिघांनीही एकाच चहाच्या टपरीवर ऐकलेलं असेल, तर तो पुरावा एकच धरा. आणि गिऱ्हाईक नवीन असेल तर सुरुवात १० टक्क्यांपासून करू नका. नव्या खात्यांतली किती बुडाली ते वहीत वेगळं मोजा.