सातारच्या बँकेचे विलीनीकरण
सन 1936 मध्ये साताऱ्यात स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेचे भांडवल बुडीत कर्जांपायी क्षीण झाले, तेव्हा 2 सप्टेंबर 2006 रोजी तिच्यावर व्यवहार-तहकुबीचा सरकारी हुकूम जारी होऊन ठेवीदारास, मग त्याची शिल्लक लाखांत का असेना, सामान्यतः 10,000 रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 अन्वये 3 ऑक्टोबरपासून ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. ठेवी शाबूत राहिल्या आणि भागधारकांस दर भागामागे रोख 28 रुपये मिळाले. हा मोबदला तुलनेने उदारच म्हटला पाहिजे; कारण 2004 मध्ये ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झालेल्या ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांच्या पदरी छदामही पडला नव्हता.