कानाची परीक्षा

जयपूर शहराच्या जुन्या तटाच्या आत पन्नीगरांचा मोहल्ला आहे. मिठाईवर आणि विड्यावर लावतात तो चांदीचा वर्ख येथे पिढ्यान् पिढ्या तयार होत आला आहे. चांदीचे लहान तुकडे एका जाड पुडक्याच्या पानांत घालावयाचे आणि ते पुडके दगडावर ठेवून हातोड्याने तासन् तास ठोकावयाचे, अशी ही कारागिरी. आता बरेच काम यंत्रांकडे गेले असले, तरी हातोड्याचा ताल अद्याप पुरता थांबलेला नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून जो कधी गेला असेल, त्याला हा नाद कसा असतो हे वेगळे सांगावयास नको. वाटसरू दोन मिनिटांत पुढे निघून जातो. ठोकणारा मात्र दिवसभर त्या नादातच बसलेला असतो. त्याची किंमत पुढे त्याच्या कानांना मोजावी लागण्याचा संभव असतो.

असे बहिरेपण वाजतगाजत येत नाही. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या एका इवल्याशा नळीत, अतिसूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे संदेशात रूपांतर करून ते मज्जातंतूंच्या हवाली करणे हे त्यांचे काम. मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या एकेक करून मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, परंतु शब्द उमगत नाहीत. ‘सात’ म्हटले की ‘हात’ वाटते. नातवंडांचा कोवळा आवाज निसटतो. घरची माणसे म्हणतात, ‘यांचे लक्षच नसते!’ आणि तो मनाशी म्हणतो, ‘हल्लीची माणसे पुटपुटतात.’ या गैरसमजात वर्षे निघून जातात. हा गैरसमज मिटविण्याचा मार्ग म्हणजे कानाची तपासणी.

या तपासणीला लोक भितात ते अकारण. तीत सुई नाही, वेदना नाही. जयपुरात सवाई मानसिंह रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तिची सोय आहे. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने अनेक जिल्हा रुग्णालयांतही ती नेली. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर याच कामासाठी आहे.

तपासणीपूर्वी कान शांत असावे लागतात. ठोकाठोकीचे काम करणाऱ्याने निदान आदल्या सायंकाळपासून गोंगाटापासून दूर राहावे आणि सकाळी कामास हात लावण्यापूर्वी जावे. नाहीतर थकलेले कान खऱ्याहून अधिक बहिरे दिसतात. कानात तेल घालू नये, काडी फिरवू नये. कान फुटला होता काय, पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने घेतली होती काय, हेही सांगावे, कारण त्यांनीही श्रवणशक्ती जाऊ शकते.

प्रथम वैद्य दिव्याने कानात डोकावून मळ आणि पडदा पाहतात. कधी नादकाटा वाजवून तो कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर धरतात. त्यानंतर माणसाला ध्वनिरोधक खोलीत बसवून त्याच्या कानांवर श्रवणिका चढवितात. एका कानात बारीक स्वर सोडला जातो. तो ऐकू आला, मग तो कितीही अंधुक असो, की बोट वर करावयाचे किंवा बटण दाबावयाचे. स्वर क्रमाने मंद होत जातो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. सेकंदाला २५० कंपांच्या खर्ज स्वरापासून ८,००० कंपांच्या तार स्वरापर्यंत हा क्रम चालतो. पुष्कळ स्वर ऐकू न येणे यात अपयश काहीच नाही. अगदी अंधुक स्वर कोठे हरवतो, तेच तर शोधावयाचे असते. मात्र अंदाजाने बोट वर करू नये. मग कानामागच्या हाडावर एक लहानसा कंपक टेकवून तीच चाचणी पुन्हा घेतात. दुसऱ्या कानाने मध्येच मदत करू नये म्हणून त्यात पावसाच्या सरीसारखा आवाज सोडतात. शेवटी काही शब्द ऐकवून ते उच्चारावयास सांगतात. एकंदर अर्धा-पाऊण तास पुरतो.

याचे फळ म्हणजे एक आलेख. उजव्या कानासाठी लाल वर्तुळे, डाव्यासाठी निळ्या फुल्या. हाडावाटे चांगले ऐकू येते पण हवेवाटे नाही, असे दिसले, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. मळ, पडद्याचे छिद्र, साचलेला द्रव यांवर पुष्कळदा उपचार होतो. दोन्ही रेषा सारख्याच खाली गेल्या, तर दोष आतल्या कानाचा. गोंगाटाने बाधलेल्या कानाची रेषा बहुधा ४,००० कंपांच्या आसपास खड्ड्यात उतरते आणि पुढे थोडी वर येते. ती खूण तज्ज्ञ सहज ओळखतो.

हा खड्डा औषधाने भरून येत नाही. पण तो लवकर दिसला, तर खोल होण्यापूर्वी थांबविता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास निभतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात अवघे ५ तास! म्हणून कानांत बोळे, कामात विश्रांती आणि वर्षातून एकदा तपासणी हे कारागिराच्या हातोड्याइतकेच गरजेचे आहे. ज्याचे ऐकणे आधीच उणे झाले, त्याला श्रवणयंत्राचा आधार मिळतो. ऐकू येणे एकाएकी, दिवस-दोन दिवसांत गेले, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपले ऐकणे उणे झाले हे कबूल केले तर हातचे काम जाईल, अशी धास्ती अनेकांच्या मनात असते. वास्तविक काम टिकविण्याचा मार्ग तपासणीच्या त्या अर्ध्या तासातूनच जातो. आणि घरातील कोणी वारंवार ‘काय म्हणालास?’ असे विचारू लागले, तर त्याच्यावर न रागावता त्याला तेथवर सोबत करावी.