निजामाचे राज्य साखरखेर्ड्यात जन्मले

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन यंदाही झाले. निजामाची राजवट 1948 मध्ये कशी संपली, हे आता शाळकरी पोरेही घडाघडा सांगतात. ती सुरू कुठे झाली, असे विचारले की बहुतेक जण हैदराबाद नाहीतर औरंगाबादचे नाव घेतात. ते गाव मराठवाड्यात नाहीच. ते आहे बुलढाणा जिल्ह्यात, जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यात: साखरखेर्डा.

ऑक्टोबर 1724. दिल्लीची वजिरी सोडून निजाम-उल-मुल्क दख्खनेत उतरला होता. बादशहा मुहम्मदशहाला तो नकोसा झालेला. दरबाराने हैदराबादच्या मुबारिजखानाला दख्खनची सुभेदारी देऊ केली आणि निजामावर सोडले. मुबारिजखान औरंगाबादच्या रोखाने निघाला. गाठ पडली ती साखरखेर्ड्याला. लढाईत खान पडला.

पुढची चाल निजामाची खास. त्याने खानाचे मुंडके दिल्लीला पाठवले, तेही बंडखोराचा बंदोबस्त केला म्हणून बादशहाचे अभिनंदन करत! ज्याने खानाला उठवले, त्यालाच हा नजराणा. बादशहाने मुकाट्याने सुभेदारी बहाल केली आणि 1725 मध्ये ‘आसफजाह’ हा किताबही दिला. नावाला मोगलांचा सुभा, प्रत्यक्षात स्वतंत्र राज्य.

आपल्याकडे या लढाईचा उल्लेख चोरटेपणाने होतो, कारण मराठे निजामाच्या बाजूला होते. तेवीस वर्षांच्या बाजीरावाने मे महिन्यात माळव्यात नालछा येथे निजामाची भेट घेतली होती. मुबारिजखान चौथाई द्यायला तयार नव्हता, तेव्हा हिशेब सरळ होता. तो चुकला असे म्हणायचे तर चारच वर्षांनी, 1728 मध्ये, त्याच बाजीरावाने पालखेडला निजामाची कोंडी केली. पालखेडवर पाने भरतात. साखरखेर्ड्याला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा केले. इंग्रजी गॅझेटियरने ते छापले, गावकऱ्यांनी मात्र साखर सोडली नाही. सोळाव्या शतकातल्या खुदावंदखान महदवीच्या मशिदीमुळे आणि पळसिद्ध महाराजांच्या मठामुळे गावाची जुनी ओळख आहेच; लढाईचीही त्यात भर पडायला हवी. 2024 मध्ये तिला तीनशे वर्षे झाली.

गंमत म्हणजे, राज्य संपण्याच्या कितीतरी आधी हे गाव निजामाच्या हातून गेले होते. 1853 मध्ये या गावासह वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढे 1936 मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘वऱ्हाडचे युवराज’ असा किताब मिळाला. कारभार मात्र नागपूरहूनच चालत होता.