मधली फाईल

लातूरहून पहाटेची एसटी धरली की चाकूर, अहमदपूर, लोहा करत कॉलेज उघडायच्या वेळेला नांदेड गाठता येतं. बाह्य परीक्षक म्हणून हा फेरा मी बरीच वर्षं करते आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलावर घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात. त्या दिवशी पहिल्याच मुलीने चिठ्ठी उलगडली आणि वाचली, "टू-पास मॅक्रो प्रोसेसर." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गेली."

'सिस्टिम प्रोग्रॅमिंग'मधला हा जुनाजाणता प्रयोग. जॉन डोनोव्हन यांचं १९७२ सालचं पुस्तक आणि आयआयटी मुंबईच्या डी. एम. ढमढेरे यांची पुस्तकं यांवर इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या हा विषय शिकल्या. काम सांगायला सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये त्याच त्या चार ओळी पुन्हा पुन्हा येत असतील, तर त्यांना एक नाव द्यायचं आणि पुढे नुसतं नाव लिहायचं. कंपायलरकडे किंवा असेंबलरकडे प्रोग्रॅम जाण्याआधी मॅक्रो प्रोसेसर त्या नावाच्या जागी पुन्हा चार ओळी लिहून देतो. त्याला गणित येत नाही आणि प्रोग्रॅम काय करतो हेही त्याला ठाऊक नसतं. तो फक्त नक्कल उतरवतो.

हे मला वर्गात कळलं नव्हतं, हॉस्टेलवर येणाऱ्या पोस्टकार्डांवरून कळलं. मी नांदेडला शिकत होते आणि वडील, म्हणजे अण्णा, लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. कार्डावर जागा कमी म्हणून सुरुवात "चि. हीस अ. उ. आ." आणि दोन ओळींत मजकूर. आत्याला लिहिलेल्या कार्डावर "सा. न. वि. वि." असायचं आणि शेवटी "क. लो. अ. ही वि." वाचणारा मनातल्या मनात ते उलगडायचा: अनेक उत्तम आशीर्वाद, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, कळावे, लोभ असावा ही विनंती. अण्णा चार अक्षरं लिहीत आणि पोचत चार शब्द. मॅक्रो म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की पत्र वाचणारा माणूस होता. अण्णांनी चुकून धाकट्याला "सा. न." लिहिलं असतं, तर तो हसला असता. प्रोसेसर हसत नाही. तो धाकट्यालाही साष्टांग नमस्कार घालून मोकळा होतो.

मुलीने आधी कागद घेतला, हे मला आवडलं. कागदावर तीन चौकटी आखल्या. पहिली एमएनटी, म्हणजे मॅक्रोंच्या नावांची यादी. दुसरी एमडीटी: मॅक्रोच्या पोटातल्या ओळी तिच्यात क्रमाने उतरतात आणि कुणाचं पोट कुठल्या ओळीपासून सुरू होतं, ते पहिल्या यादीत नावापुढे लिहिलेलं असतं. तिसरी एएलए: या वेळी मॅक्रोला कोणत्या वस्तू, म्हणजे आर्ग्युमेंट्स, दिल्या आहेत, त्यांची यादी. मग ती मशीनकडे वळली. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायचा. 'मॅक्रो' शब्द दिसला की पुढची ओळ नावाची, आणि 'मेंड' येईपर्यंतच्या साऱ्या ओळी एमडीटीत. वस्तूंची नावं जशीच्या तशी ठेवायची नाहीत, त्यांच्या जागी क्रमांक घालायचे: पहिली, दुसरी, तिसरी. दुसऱ्या फेरीत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. ओळीतला शब्द एमएनटीत सापडला, तर एमडीटीतल्या ओळी उतरवायच्या आणि क्रमांकांच्या जागी या वेळच्या वस्तू बसवायच्या. सापडला नाही, तर ओळ तशीच पुढे सोडायची. दोन फेऱ्या एवढ्यासाठी, की मॅक्रो वर वापरला आणि त्याची व्याख्या खाली असली तरी अडू नये.

पाऊण तासाने तिने प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर ओळी उलगडल्या, पण अर्ध्याच बरोबर. "मॅडम, पहिलं बदलायलंय, दुसरं तसंच राहायलंय." खरंच होतं. पहिल्या वस्तूच्या जागी योग्य नाव बसत होतं, दुसऱ्या जागी मात्र व्याख्येतलं मूळ नाव तसंच येत होतं. तिने लूप पाहिला, मोजणी शून्यापासून की एकापासून तेही पाहिलं. सगळं ठीक. कॉलेजच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

तेव्हा मला आठवत होती आमची स्वतःची चूक.

शिक्षण संपवून लातूरला परतल्यावर मी आडतीसाठी हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम लिहिला होता, टर्बो सीमध्ये. शेतकऱ्याच्या मालाच्या किमतीतून आडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टी छापायची. हमालीसाठी मी मॅक्रो केला: पोती गुणिले दर. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका शेतकऱ्याची तूर दोन गाड्यांनी आली, २० पोती आणि १५ पोती. मी मॅक्रोला दिलं '२० + १५'. हिशेबाला सोपा म्हणून दर ४ रुपये धरू. हमाली व्हायला हवी १४०, पट्टीवर छापली ८०. अण्णांनी ती तोंडी ताडली आणि पट्टीच्या कडेला पेन्सिलीने १४० लिहिलं. मला म्हणाले, "तुझ्या मशीनला बेरीज येईना की गुणाकार येईना, ते आधी बघ."

मशीनला दोन्ही येत होतं. मॅक्रोने माझ्या वस्तूची बेरीज न करता, ती जशी दिली तशी चिकटवली होती: २० + १५ × ४. कंपायलरने नियमाप्रमाणे गुणाकार आधी केला. माझ्या फाईलमध्ये चूक दिसत नव्हती, कारण तिथे फक्त 'हमाली' एवढंच लिहिलेलं होतं. कंपायलरचीही चूक नव्हती. चूक होती मधल्या मजकुरात, आणि तो मी कधी पाहिलाच नव्हता. टर्बो सीबरोबर सीपीपी नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम येत असे, तो चालवला की हा मधला मजकूर फाईलमध्ये मिळे. तो उघडल्यावर ओळ समोर आली आणि मी कपाळाला हात लावला. उपाय दोन कंसांचा: व्याख्येत प्रत्येक वस्तूभोवती एक आणि सगळ्या पदाभोवती एक. तरी कंस हा काही रामबाण नव्हे. व्याख्येत एखादी वस्तू दोनदा आली आणि तिच्यातच 'एक वाढव' असा हुकूम असला, तर वाढ दोनदा होते. एकच पोतं दोनदा काट्यावर चढतं.

सी भाषेत मजकूर आधी उलगडून देणारा हा भाग मुळात नव्हताच. डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय, की तो १९७२-७३च्या सुमारास काही अंशी ॲलन स्नायडर यांच्या आग्रहावरून आला. सुरुवातीला त्याला दुसरी फाईल आत ओढणं आणि साधी अदलाबदल एवढंच येई. वस्तू घेणारे मॅक्रो आणि अटी नंतर माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी घातल्या. आजही जीसीसी या कंपायलरला 'डॅश ई' एवढं सांगितलं, तर तो कंपाईल न करता मधला मजकूर दाखवतं. पाच ओळींच्या प्रोग्रॅमचे कित्येकशे ओळींचं भेंडोळं पाहून मुलं दचकतात.

तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न असतो: सबरूटीन आणि मॅक्रोत फरक काय? मुलं पाठ केलेलं म्हणतात. मी त्यांना सांगते, सबरूटीन म्हणजे गावातली गिरणी. एकच असते, सगळ्यांनी डबा घेऊन तिथे जायचं, दळण घेऊन परत यायचं. मॅक्रो म्हणजे घरोघरी जातं. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, पण प्रत्येक घरात दगड ठेवायला जागा लागते. मेमरी तोकडी होती त्या काळात हा हिशेब फार बारकाईने करत.

इकडे मुलीने कोड वाचणं थांबवलं होतं. तिने एक वेगळी ओळ लिहिली: पहिल्या फेरीनंतर वस्तूंच्या यादीतलं प्रत्येक नाव स्क्रीनवर छाप, आणि छापताना दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घाल. चालवलं. पहिलं नाव कंसाला दोन्हीकडून टेकलेलं होतं. दुसऱ्या नावाच्या आधी, कंसाच्या आत, एक रिकामी जागा होती. स्वल्पविरामानंतर आपण सवयीने देतो ती स्पेस नावाबरोबर यादीत जाऊन बसली होती. माणसाला दोन्ही नावं एकच वाटतात. प्रोसेसरला ती वेगळी, म्हणून त्याने दुसऱ्याला हात लावला नाही. "स्पेस हाय की हितं," ती स्वतःशीच म्हणाली. कडेच्या स्पेस छाटणारी एक ओळ घातली आणि सगळ्या ओळी बरोबर उतरल्या.

मी तिला एकच प्रश्न विचारला: कंस घालायचं कसं सुचलं? ती म्हणाली, "मॅडम, आत काय गेलंय ते बघायचं होतं. बाहेरून तर सगळं बरोबरच दिसायलं होतं."

तिने तीन प्रिंट जोडून दिल्या: मूळ प्रोग्रॅम, उलगडलेला प्रोग्रॅम, आणि मधली यादी. शेवटची देताना ती ओशाळली. "यातले कंस काढायचे राहिलेत. काढून पुन्हा प्रिंट देऊ का?"

"राहू दे," मी म्हणाले आणि त्याच पानावर सही केली.