हात दाबून रोग कळतो का?

एखाद्या 'आरोग्य शिबिरात', ओळखीच्या घरी किंवा आठवडी बाजारात हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. माणसाला एक हात समोर ताठ धरायला सांगतात आणि दुसऱ्या हातात साखरेची पुडी देतात. मग ताठ हात वरून दाबला की तो खाली जातो. पुडी काढून पावडरीचा डबा, कडे किंवा लॉकेट हातात देतात आणि पुन्हा दाबतात. आता हात हलत नाही. "बघा, तुमच्या शरीरानेच सांगितले!" असे म्हणून वस्तू पुढे केली जाते. विकणारा बहुधा परका नसतो. तो नात्यातला, गल्लीतला असतो, कधी आपलाच शिकलेला मुलगा असतो. त्यामुळे 'नको' म्हणणे जड जाते.

या प्रकाराला 'मसल टेस्टिंग' म्हणजे स्नायू-चाचणी म्हणतात. याच नावाची एक खरी वैद्यकीय तपासणीही आहे, म्हणून गोंधळ होतो. आधी खरी कोणती ते पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोलिओच्या साथी येत होत्या. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओ झालेल्या मुलांचा एकेक स्नायू हाताने तपासून त्यात किती ताकद उरली आहे हे नोंदवण्याची पद्धत बसवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या नसा तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये १९४३ साली ० ते ५ अशी मोजणी ठरली. स्नायू अजिबात हलत नसेल तर ०, आणि पूर्ण ताकद असेल तर ५. आजही अर्धांगवायूचा किंवा मणक्याची नस दबलेला रुग्ण आला की डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हेच आकडे लिहितात. ही तपासणी फक्त स्नायू आणि त्याची नस यांची हालत सांगते. साखर, जीवनसत्त्वे, किडनी किंवा नशीब यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरी चाचणी १९६४ साली निघाली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जॉर्ज गुडहार्ट नावाचे कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके हाताने बसवणारे उपचारक होते. प्रत्येक स्नायूचा शरीरातल्या एखाद्या अवयवाशी संबंध असतो, त्यामुळे स्नायू कमजोर लागला तर तो अवयव बिघडला आहे, असे त्यांनी मांडले. याला 'अप्लाइड कायनेसिओलॉजी' हे नाव मिळाले. पुढे औषधाची बाटली नुसती हातात धरली तरी ती मानवते की नाही हे स्नायू सांगतो, असा दावा सुरू झाला. १९७३ मध्ये त्यांचे सहकारी जॉन थी यांनी सामान्य माणसांसाठी पुस्तक काढले आणि ही पद्धत घरोघरी गेली. कडी आणि लॉकेटे विकणाऱ्यांनी ती तिथूनच उचलली.

हा दावा तपासला गेला आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन अनुभवी तपासनिसांनी त्याच ११ माणसांची वेगवेगळी चाचणी घेतली. क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व, थायमिन आणि जस्त यांपैकी शरीरात काय कमी आहे हे त्यांनी सांगायचे होते. तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीशीही जुळली नाहीत. 'पॉवर बॅलन्स' नावाची रबरी कडी विकणाऱ्या कंपनीलाही २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात, आपल्या दाव्याला विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, हे कबूल करावे लागले.

मग हात खाली का जातो? मनगटाजवळ दाबले तर थोड्या जोरानेही हात वाकतो. तोच जोर कोपराजवळ लावला तर वाकत नाही. पहिल्या वेळी आपण बेसावध असतो, दुसऱ्या वेळी तयार असतो. आणि मनात अपेक्षा असली की दाबणाऱ्याचा आणि धरणाऱ्याचा जोर नकळत बदलतो. असे नकळत हलणे ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ सालीच मांडले होते. आपल्या मराठवाड्यात बोअर घेण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो. तो नारळ उभा राहतो तोही याच कारणाने. पाणाड्या लबाडच असतो असे नाही, पुष्कळदा त्याचाही विश्वास असतो. तसेच हात दाबणाऱ्याचेही असते.

आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. गुरू सांगतो किंवा सगळे मानतात म्हणून मानू नका, हेच तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा आपणही पाहू. एकसारख्या दहा कागदी पुड्या घ्या. पाचांत साखर आणि पाचांत त्यांची पावडर भरा. पुड्या तिसऱ्याच माणसाने दुसऱ्या खोलीत भराव्यात, त्यांवर क्रमांक टाकावेत आणि कशात काय आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवावे. दाबणाऱ्याला आणि हात धरणाऱ्याला काहीच माहीत नको, आणि पुड्या भरणाऱ्याने समोर थांबायचे नाही. मग एकेक पुडी देऊन चाचणी घ्या आणि शेवटी कागद उघडा. दहापैकी पाच-सहा उत्तरे बरोबर येणे म्हणजे नुसता छापा-काटा. विकणारा या प्रयोगाला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

यात पैसे जातात हे खरे, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. 'तुमच्या शरीराला ही गोळी चालत नाही' असे हात दाबून सांगितले की माणूस मधुमेहाची, बीपीची किंवा टीबीची गोळी बंद करतो. बीपीची गोळी सुटली तर लकवा येऊ शकतो. इन्सुलिन अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि तेच जंतू घरातल्या लेकरांनाही लागू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका. रक्तातली साखर किती आहे हे रक्तच सांगते, आणि टीबीची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मधुमेह, लकवा, रक्तदाब, कर्करोग असे आजार बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

हाताच्या ताकदीची एक खरी परीक्षा मात्र प्रत्येक घराला माहीत हवी. एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, तर त्याला डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येऊ लागला तर तो लकव्याचा झटका असू शकतो. हात खाली आला नाही, तरी तोंड वाकडे झाले असेल किंवा बोलणे बिघडले असेल तर थांबायचे नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या रिक्षाने घाटी गाठा, छावणीतून ती जवळच आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. आणि १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोलिओ परत आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी सरकार अशा प्रत्येक मुलाची तपासणी करते.