हृदय थांबलें असतां भूल कशी राहते?

भुलीचें औषध वाफेच्या रूपानें द्यावयाचें तर त्याचा मार्ग एकच, तो श्वासाचा. १८४६ सालीं बोस्टन शहरीं मॉर्टन यानें रोग्यास ईथर हुंगविलें, तेव्हांपासूनची ही वहिवाट आहे. वाफ फुप्फुसांत जाते, तेथून रक्तांत उतरते आणि रक्त तिला मेंदूपर्यंत पोंचवितें. परंतु ज्या शस्त्रक्रियेंत फुप्फुसें मिटलेलीं आणि हृदय थांबविलेलें असतें, तींत हा मार्गच बंद होतो. मग रोगी निजून राहतो कसा?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. वांद्र्याच्या लीलावती इस्पितळांत, किंवा वांद्रे-कुर्ला संकुलांतील एशियन हार्ट इन्स्टिट्यूटमध्यें, हृदयाच्या शस्त्रक्रिया आतां नित्याच्या झाल्या आहेत; आणि ज्याच्या गणगोतांत कोणाचीच 'बायपास' झालेली नाहीं असें घर उपनगरांत विरळा. येथें एक घोटाळा दूर केलेला बरा. घरोघरीं जिला बायपास म्हणतात ती हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिनीस काढून दिलेली पर्यायी वाट होय. ती पुष्कळदां हृदय धडधडत असतांनाच जोडतात. येथील विषय निराळा, म्हणजे हृदय व फुप्फुसें हीं दोन्ही टाळून रक्त यंत्रांतून फिरविण्याचा. हृदयाची झडप उघडून बदलावयाची तर याच्यावांचून सहसा गत्यंतर नसतें. असें यंत्र फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यांनीं मे १९५३ मध्यें यशस्वी रीतीनें वापरलें. परळच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें हृदयारोपण केलें, तें अशाच यंत्राच्या आधारानें.

या यंत्रांत केसासारख्या पोकळ तंतूंचें एक जुडगें असतें. तंतूंच्या आंतून प्राणवायु वाहतो, बाहेरून रक्त. भिंतींतून प्राणवायु रक्तांत शिरतो व कर्बवायु बाहेर पडतो. हेंच कृत्रिम फुप्फुस. प्राणवायूच्या वाटेवर भुलीच्या औषधाची वाफ करणारें पात्र जोडलें, कीं ती वाफहि रक्तांत उतरते. रोग्याऐवजीं यंत्रच औषध हुंगतें, असें म्हणावयास हरकत नाहीं! मात्र कांहीं तंतूंच्या भिंती सच्छिद्र नसून सलग असतात. त्यांतून प्राणवायु जातो, वाफ मात्र फारशी जात नाहीं. तेथें शिरेंतून दिलेल्या औषधावरच भिस्त ठेवावी लागते.

आतां मात्रेचा विचार. शंभरांपैकीं पन्नास रोगी शस्त्राच्या छेदानें हलत नाहींत, इतकें फुप्फुसांतील वाफेचें प्रमाण हें याचें माप मानतात. चाळिशीच्या माणसास आयसोफ्लुरेन सुमारें १.२ टक्के, सेव्होफ्लुरेन साधारण २ टक्के लागतें. पुढें दर दहा वर्षांस ही गरज सुमारें ६ टक्क्यांनीं उतरते. यंत्रावर घेतलेल्या रोग्याचें रक्त बहुधा थंड करतात, कारण थंड मेंदूस प्राणवायु कमी पुरतो. त्याला वाफहि कमी पुरते. तापमान एक अंश उतरलें, तर गरज अजमासें ५ टक्क्यांनीं उतरते. ३७ अंशांवरून ३० वर आणलेल्या रोग्यास सुमारें एक-तृतीयांश कमी वाफ चालते.

थंडीचा आणखी एक परिणाम आहे. सोड्याची बाटली थंड असली म्हणजे वायु तींत मुरून राहतो, ऊन झाली कीं उसळून बाहेर येतो. त्याच न्यायानें थंड रक्तांत वाफ अधिक मुरते, आणि म्हणून मेंदूवर तिचा दाब चढण्यास वेळ लागतो. उलट, यंत्राच्या नळ्या आधीं लिटर-दीड लिटर क्षारजलानें भरून ठेवलेल्या असतात. तें रक्तांत मिसळलें कीं रक्त पातळ होतें आणि वाफ कमी धरतें. हे दोन परिणाम एकमेकांस बव्हंशीं छेदतात. शिरेंतून दिलेलीं औषधें मात्र या पाण्यानें एकदम विरळ होतात.

खरा धोका पुढेंच आहे. काम संपत आलें म्हणजे रक्त पुन्हां ऊन करतात. मेंदूकडे रक्ताचा ओघ मोठा, म्हणून तो लवकर तापतो. स्नायु व त्वचा मागें राहतात. मूत्राशयांतील तापमापक अजून थंडी दाखवीत असतो, तोंच मेंदूची गरज जवळजवळ पूर्ववत् झालेली असते. एरवीं भूल उतरूं लागली तर नाडी जलद होते, श्वास बदलतो, हात हलतो. येथें नाडी थांबलेली, श्वास यंत्राकडे, रक्ताचा दाब बहुतांशीं यंत्राच्या ओघावर अवलंबून, आणि स्नायु औषधानें लुळे केलेले. रोगी जागा झाला तरी तें सांगावयास त्याच्यापाशीं कांहींच उरलेलें नसतें. शस्त्रक्रियेंतील कांहीं आठवत असल्याचें सांगणारे रोगी हृदयाच्या शस्त्रक्रियांत इतरांहून अधिक आढळतात, यांत मग नवल वाटूं नये. अशा रोग्यास 'स्वप्न पडलें असेल' म्हणून घरच्यांनीं वाटेस लावूं नये. तें भूलतज्ज्ञाच्या कानीं घालावें.

कपाळावर चिकटविलेल्या पट्टीवरून मेंदूच्या विद्युत्-लहरी मोजून ० ते १०० असा आंकडा दाखविणारें साधन अलीकडे पुष्कळ ठिकाणीं असतें. ४० ते ६० ही बेताची भूल समजतात. परंतु नुसत्या थंडीनेंहि हा आंकडा उतरतो, तेव्हां तो एकटा पुरेसा साक्षीदार नव्हे. कृत्रिम फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या वायूंतील वाफ मोजणें अधिक भरंवशाचें. ती वाफ शोषून खोलीबाहेर सोडावी लागते, नाहींतर यंत्रापाशीं बसणाऱ्यांसच ती हुंगावी लागेल.

शेवटीं हृदय चालूं होतें, फुप्फुसें फुगवितात आणि यंत्र थांबवितात. त्याच घटकेस वाफेचें पात्र यंत्राकडून पुन्हां श्वासाच्या नळीकडे यावें लागतें. खोलींत सर्वांचे डोळे हृदयावर खिळलेले असतात; पात्राची चकती फिरविण्याची आठवण भूलतज्ज्ञानेंच ठेवावयाची असते.